चाळीस माणसांची गर्दी

मेळाव्याच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "शाळेच्या आठवणींचे लेख ढिगाने आलेत. तू इतिहासावर लिही, आणि आपल्यापैकी दुसरं कुणी लिहिणार नाही असं लिही." अट पाळतो आहे. या लेखाचा विषय आहे इंग्लंडमधले पंक रॉक नावाचे संगीत, त्याचा १९७६-७७ चा काळ आणि ते संगीत ज्यांना तेव्हा सापडले त्या चाहत्यांच्या आठवणी. शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचलेत तर संबंध लक्षात येईल.

इतिहासाच्या तासाला आपल्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकवला होता. बखर म्हणजे घडून गेल्यावर, बहुधा पुष्कळ वर्षांनी, आठवून आणि ऐकून लिहिलेला वृत्तांत. अस्सल कागद म्हणजे त्याच वेळचे पत्र, हिशेब, यादी. इतिहासाचार्य राजवाडे बखरींवर का चिडत आणि जुन्या दफ्तरांसाठी गावोगाव का हिंडत, हे सरांनी रंगवून सांगितले होते. बखरीत सैन्याचा आकडा नेहमी फुगतो, हे त्यांचे आवडते वाक्य. पुढे आयुष्यभर मी सूत, वीण आणि रंग यांच्या चाचण्या केल्या, पण ते वाक्य सुटले नाही. पंकच्या चाहत्यांच्या आठवणी ऐकताना तर ते पदोपदी उपयोगी पडले.

आधी शब्दाविषयी. संस्कृतच्या बाईंनी 'पंकज' शब्दाची फोड करून दिली होती, पंकात म्हणजे चिखलात जन्मलेले ते पंकज. त्यामुळे पंक म्हटले की मला अजून आधी चिखल आठवतो. इंग्रजीतही तो शब्द मानाचा नाही. वाया गेलेले कार्टे, टपोरी, अशा अर्थाची ती शिवी आहे. अमेरिकेतल्या संगीतसमीक्षकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ओबडधोबड रॉक संगीताला चिकटवली, १९७६ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये त्याच नावाचे मासिक निघाले, आणि ज्यांना ती शिवी दिली जायची त्यांनीच ती मिरवायला सुरुवात केली.

त्या काळातले रॉक संगीत फार श्रीमंत झाले होते. वीस-वीस मिनिटांचे एकेक गाणे, ट्रकभर वाद्ये, स्टेडियममधले कार्यक्रम. ऐकणारा दूर कुठेतरी शेवटच्या रांगेत. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला होता आणि १९७६ मध्ये सरकारवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागण्याची वेळ आली. अशा दिवसांत सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मंचावरचे ते लोक दुसऱ्या ग्रहावरचे वाटत. आवडत नव्हते असे नाही. पण आपण त्यांच्यासारखे काही करू, हे त्याच्या मनातही येत नसे.

न्यूयॉर्कमध्ये बावरी या उतरती कळा लागलेल्या रस्त्यावर 'सीबीजीबी' नावाच्या छोट्या क्लबात १९७४ पासून 'रमोन्स' हा चौघांचा बँड वाजवत होता. त्यांची पहिली तबकडी एप्रिल १९७६ मध्ये आली. चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपलेली, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे ६,४०० डॉलर. मोठ्या बँडांच्या खर्चापुढे ही चिल्लर होती. लंडनमध्ये त्याच सुमारास 'सेक्स पिस्टल्स' छोट्या क्लबांत आणि कॉलेजांत वाजवू लागले होते.

आता मँचेस्टरला जाऊ. त्याआधी माझा त्या गावाशी संबंध सांगायला हवा. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, त्यामुळे मूळ मँचेस्टर कुठेतरी आहे हे आपल्याला चौथीतच कळले होते. १९७७ मध्ये एस. एस. सी. झाल्यावर यथावकाश मुंबईला व्हीजेटीआयमध्ये वस्त्रतंत्र शिकलो. माटुंग्याच्या वसतिगृहात एका मित्राचा ट्रान्झिस्टर होता. त्यावर शॉर्टवेव्हच्या खरखरीतून रात्री बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागे आणि तिथे जॉन पील यांचा कार्यक्रम ऐकू येई. बिनाका गीतमालेवर वाढलेल्या माझ्या कानांना ते संगीत म्हणजे सुरुवातीला मागावरचा खडखडाट वाटला. पण खडखडाटाची आपल्या गावाला सवय असते. दोन-तीन आठवड्यांनी त्यात ताल सापडला आणि मग सुटला नाही. १९८३ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी खऱ्या मँचेस्टरला गेलो आणि नंतर काही वर्षे तिथल्या एका कापड-चाचणी प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे माझ्याच वयाचे सहकारी होते. आपण दहावीच्या उंबरठ्यावर होतो त्या वर्षी ते पंकच्या आगीत सापडले होते.

त्यांच्या बोलण्यात एक तारीख हमखास येई, शुक्रवार ४ जून १९७६. ठिकाण, लेसर फ्री ट्रेड हॉल. मँचेस्टरच्या पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉल नावाची भव्य इमारत आहे. १८१९ मध्ये मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडेस्वार घातले गेले, त्या पीटर्लूच्या मैदानावरच ती उभी आहे. तिच्या वरच्या मजल्यावर काही शे लोक बसतील असे छोटे सभागृह होते. तेच हे लेसर, म्हणजे धाकटे सभागृह.

कार्यक्रम ठरवला होता बोल्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या दोन विद्यार्थ्यांनी. एकाने पुढे हॉवर्ड डेव्होटो हे नाव घेतले, दुसऱ्याने पीट शेली. फेब्रुवारीत त्यांनी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात सेक्स पिस्टल्सविषयी छोटेसे परीक्षण वाचले, मोटार घेऊन दक्षिणेला गेले, लागोपाठ दोन कार्यक्रम पाहिले आणि परत येऊन ठरवले की या लोकांना आपल्या गावात आणायचे. सभागृह भाड्याने घेतले, ५० पेन्सचे तिकीट ठेवले. त्यांचा स्वतःचा 'बझकॉक्स' हा बँडही त्या दिवशी वाजवणार होता, पण तयारी झाली नाही. त्याच संध्याकाळी दाराशी एक गंमत घडली. स्टीव्ह डिगल नावाचा तरुण तिथे दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत उभा होता. सेक्स पिस्टल्सचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन यांना वाटले, हाच तो बझकॉक्सला हवा असलेला वादक. त्यांनी त्याला आत नेऊन शेलीसमोर उभे केले. बझकॉक्सला वादक मिळाला तो असा.

त्या संध्याकाळी प्रेक्षक होते चाळीसच्या आसपास.

हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. या चाळीसांत पीटर हूक आणि बर्नार्ड सम्नर होते, सॅलफर्डच्या एकाच शाळेतले वर्गमित्र. हूकने दुसऱ्याच दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नव्हती. या दोघांच्या बँडला पुढे 'जॉय डिव्हिजन' म्हणून आणि नंतर 'न्यू ऑर्डर' म्हणून जगाने ओळखले. स्टीव्हन मॉरिसी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याने साप्ताहिकाला पत्र लिहिले, ते त्याच महिन्यात छापून आले, आणि सहा वर्षांनी त्याने 'द स्मिथ्स' काढला. २० जुलैला सेक्स पिस्टल्स त्याच सभागृहात पुन्हा आले, तेव्हा बझकॉक्सने पहिल्यांदा वाजवले आणि सभागृह बरेच भरले. या दोन कार्यक्रमांना आलेल्यांतच 'द फॉल'चा मार्क ई. स्मिथ होता, जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस होता.

आता बखर बघा. मी मँचेस्टरला होतो तेव्हा या घटनेला दहा वर्षेही झाली नव्हती. तरी "मी होतो ना तिथे" म्हणणारी माणसे मला प्रयोगशाळेत भेटली, बसमध्ये भेटली, रशोममधल्या माझ्या घरमालकांच्या दुकानात भेटली. सगळ्यांना आत बसवायचे तर धाकटे सभागृह सोडा, खालचे थोरलेही पुरले नसते. पुढे या विषयावर पुस्तक निघाले, २००२ मध्ये '२४ अवर पार्टी पीपल' या चित्रपटातही तो प्रसंग आला आणि ही थट्टा जगभर पोचली. आमच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी मात्र कधीच काही बोलत नसे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने पाकिटातून पिवळट पडलेला तिकिटाचा तुकडा काढून दाखवला. वीस जुलैचा होता. "मी पहिल्याला नव्हतो. दुसऱ्याला होतो," एवढेच म्हणाला. त्याने बँड काढला नव्हता. तो मायक्रोस्कोपखाली कापसाचे तंतू बघत होता. पण त्या उन्हाळ्यात त्याने दोन मित्रांबरोबर बारा पानांचे एक पत्रक काढले होते आणि ते हातोहात विकले होते. तो माझा पहिला अस्सल कागद.

खोटे बोलणाऱ्यांवर माझा राग नाही. "मी तिथे होतो" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा सांगायचे असते की ही गोष्ट माझी आहे, तिने मला घडवले. ते खरेच असते. पण आकडा फुगला की एक फार मोलाची गोष्ट नाहीशी होते. पाच हजार लोक जमले आणि त्यातून चार बँड निघाले, यात नवल काय? चाळीस लोक जमले, निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या, वाजवणाऱ्यांना नीट वाजवता येत नव्हते, आणि तरीही त्यातून एका शहराचे पुढच्या वीस वर्षांचे संगीत निघाले, हे नवल आहे. खोट्या गर्दीने ते झाकले जाते.

बखरीची आणखी तीन उदाहरणे देतो. पहिले, ४ जुलै १९७६ या दिवशी रमोन्सने लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवले. लंडनचे सगळे पंक त्या रात्री तिथे होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बँड काढले, असे सांगतात. पण त्याच रात्री सेक्स पिस्टल्स शेफील्डला वाजवत होते, आणि त्यांच्याआधी मंचावर 'द क्लॅश' आयुष्यातला पहिला कार्यक्रम करत होते. म्हणजे ज्यांनी रमोन्सला पाहून सुरुवात केली असे म्हणायचे, त्यांची सुरुवात तिकडे होऊनही गेली होती. दुसरे, १ डिसेंबर १९७६ ला थेम्स टेलिव्हिजनवर बिल ग्रंडी यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात सेक्स पिस्टल्सनी शिव्या दिल्या आणि देशभर गहजब झाला. तो कार्यक्रम फक्त लंडन परिसरात दिसत असे. बाकी देशाला कळले ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून. त्यानंतर त्यांच्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गावोगावी रद्द झाले. तिसरे, तीन कॉर्डची बोटे कुठे ठेवायची ते दाखवणारे आणि आता बँड काढा असे सांगणारे एक हाताने काढलेले चित्र. पंकचा सगळा जाहीरनामा त्या चित्रात आला. ते 'स्निफिन ग्लू' या पत्रकात आले होते असे पुष्कळ जण शपथेवर सांगतील. प्रत्यक्षात ते जानेवारी १९७७ मध्ये 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्याच, फारसे कुणाला माहीत नसलेल्या पत्रकात आले होते. आठवण अशी नेहमी मोठ्या नावाकडे झुकते.

पण स्निफिन ग्लूची स्वतःची कथाही कमी नाही. मार्क पेरी हा लंडनच्या डेप्टफर्ड भागातला एकोणीस वर्षांचा बँक कारकून. रमोन्सची तबकडी ऐकून तो वेडा झाला. या संगीतावर वाचायला काही मिळेना, तेव्हा जुलै १९७६ मध्ये त्याने स्वतःच पत्रक काढले. टाइप केलेला मजकूर, जाड स्केचपेनने लिहिलेले मथळे, फोटोकॉपी करून कोपऱ्यात स्टेपल केलेली पाने. पहिल्या अंकाच्या पन्नासेक प्रती. खाडाखोडही तशीच ठेवलेली. बारा अंक काढून पुढच्या वर्षी त्याने ते बंद केले, आणि मधल्या काळात वाचकांना सांगत राहिला की माझेच वाचत बसू नका, आपापले काढा. लोकांनी काढलेही. गावोगावी, शाळाशाळांतून.

मित्रहो, हे वाचताना आपले हस्तलिखित आठवले की नाही? दर वर्षी दिवाळीनंतर निघणारे, सुंदर अक्षर असलेल्या चौघींनी लिहून काढलेले, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ केलेले, एकच प्रत असलेले. मुंबईत १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले होते. साधन हाताशी असेल ते घ्यावे आणि कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये, ही अक्कल काही एका देशाची मक्तेदारी नाही.

छपाईचे जे झाले तेच तबकडीचेही झाले. तबकडी काढायची तर मोठी कंपनी लागते, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. बझकॉक्सने मित्रांकडून आणि शेलीच्या वडिलांकडून मिळून ५०० पौंड उसने घेतले. २८ डिसेंबर १९७६ ला मँचेस्टरच्या एका स्टुडिओत एका दिवसात चार गाणी मुद्रित केली, आणि जानेवारी १९७७ च्या अखेरीस 'स्पायरल स्क्रॅच' नावाने स्वतःच्या शिक्क्याखाली बाहेर काढली. पहिल्या खेपेस १,००० प्रती. वेष्टनावर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात घेतले, नंतर काय जोडले, तेही छापले होते. त्यातल्या 'बोअरडम' या गाण्यात गिटारचा जो एकल तुकडा आहे, त्यात दोनच स्वर आहेत, पुन्हा पुन्हा तेच. हजार प्रतींच्या पुढे ती तबकडी कितीतरी हजार खपली. मला ती मँचेस्टरला जुन्या तबकड्यांच्या दुकानात मिळाली, १९७९ ची पुनर्मुद्रित प्रत. पुढच्या वर्षी 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने तर आपल्या तबकडीच्या वेष्टनावर खर्चाचा तपशीलच छापला. ध्वनिमुद्रणाला किती, छपाईला किती, शिक्क्यांना किती. आपल्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च फलकावर लागतो ना, तसा.

मुलींसाठी ही वाट आधी जवळजवळ बंदच होती. रॉकच्या मंचावर मुलगी असलीच तर गायला, वाद्य हातात क्वचित. मॅरिअन एलियट-सईद ही सोमाली वडिलांची आणि ब्रिटिश आईची मुलगी. ३ जुलै १९७६ ला, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, तिने हेस्टिंग्जच्या धक्क्यावर सेक्स पिस्टल्सना पाहिले. तिथेही गर्दी नव्हतीच. तिने जाहिरात देऊन वादक जमवले, पॉली स्टायरीन हे नाव घेतले आणि 'एक्स-रे स्पेक्स' काढला. दातांना तार लावलेली, रंगीबेरंगी विचित्र कपडे घातलेली ही मुलगी मंचावर आली तेव्हा आपणही चालतो, असे अनेक मुलींना पहिल्यांदा वाटले. प्रयोगशाळेतल्या एक बाई मला सांगत, तोपर्यंत त्या केस सरळ करण्यात रोज एक तास घालवत. त्या दिवसापासून सोडून दिले. इतिहासाच्या पुस्तकात अशा नोंदी येत नाहीत, पण बदल मोजायचा तर तो अशाच ठिकाणी मोजावा लागतो.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

तिकीट दाखवणाऱ्या त्या सहकाऱ्याच्या नादाने मी एका शनिवारी मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. फ्री ट्रेड हॉलपासून चालत पाच मिनिटे. जून १९७६ ची वर्तमानपत्रे काढली. ४ जूनच्या कार्यक्रमाचा त्या वेळचा काही उल्लेख सापडतो का, ते बघायचे होते. मी चाळलेल्या अंकांत तो सापडला नाही. दुसरीच बातमी सापडली. त्याच शुक्रवारी, त्याच संध्याकाळी, लंडनच्या साउथॉल भागात गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून ठार मारले होते. डोमिनियन नावाच्या, हिंदी सिनेमे लागणाऱ्या थिएटरसमोर.

मी बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसलो. मँचेस्टरच्या त्या सभागृहातले चाळीस जण आणि साउथॉलच्या फुटपाथवरचा तो मुलगा साधारण एकाच वयाचे होते. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे. त्या जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणीला वर्ष पूर्ण होत होते आणि आपण दहावीची नवी पुस्तके आणत होतो. एका तारखेविषयी शेकडो जण "मी तिथे होतो" म्हणतात. त्याच तारखेच्या दुसऱ्या जागेविषयी मला मँचेस्टरमध्ये कोणी कधी एक शब्द सांगितला नव्हता. चामड्याचे जाकीट घातलेली, केस उभे केलेली पोरे समोरून आली की मीही रस्ता ओलांडत असे. त्यांतला कोण गाणी ऐकणारा आणि कोण अंगावर येणारा, हे दुरून कळत नसे. एकदा रात्रीच्या बसस्टॉपवर असल्याच काही पोरांनी मला घाण शिव्या दिल्या. एकाच्या जाकिटावर माझ्या आवडत्या बँडचा बिल्ला होता. सुरुवातीच्या काही पंकांनी निव्वळ लोकांना डिवचण्यासाठी स्वस्तिकाची, म्हणजे नाझींच्या चिन्हाची, पट्टी दंडावर मिरवली होती, हेही खरे आहे. जे संगीत मला इतके जवळचे होते, ते मला आपले मानते का, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नव्हता.

उत्तर मला अर्धे कागदांत मिळाले, अर्धे माणसांत. चग्गरच्या खुनानंतर साउथॉलच्या तरुणांनी रस्त्यावर येऊन आपली संघटना उभी केली. त्याच ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन यांनी बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांना हाकलून द्यावे अशा अर्थाची भाषा केली. ती ऐकून संतापलेल्या काही जणांनी संगीत-साप्ताहिकांना पत्र लिहिले आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ निघाली. या वेळीही सुरुवात मूठभरांचीच होती, एका पत्राची. ३० एप्रिल १९७८ च्या रविवारी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा मैलोगणती चालत पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला. तिथे द क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन बँड आणि बर्मिंगहॅमचा रेगे बँड स्टील पल्स यांनी वाजवले. तिथली गर्दी मात्र खरोखर हजारोंची होती. अनेक गोऱ्या मुलांना कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे त्या दिवशी पहिल्यांदा ठरवावे लागले. त्याने सगळे थांबले नाही. चारच दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये अलताब अली या बांगलादेशी कामगाराचा खून झाला. पण ठरवणारे ठरवून बसले होते. पुढच्या वर्षी दक्षिण लंडनमध्ये 'एलियन कल्चर' नावाचा पंक बँड निघाला. चौघांपैकी तिघे पाकिस्तानी कुटुंबांतले. परक्या संस्कृतीच्या लोंढ्याची भीती घालणाऱ्या मार्गारेट थॅचर यांच्या १९७८ च्या वक्तव्यावरून त्यांनी ते नाव घेतले होते. पंक या शब्दाचे जे झाले तेच, टोमणा उचलायचा आणि पाटी म्हणून लावायचा.

तिकीटवाल्या सहकाऱ्याला मी लायब्ररीतल्या बातमीची नक्कल दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या जुन्या पत्रकाचा शिल्लक राहिलेला एक अंक आणून मला दिला. अजून माझ्याकडे आहे. मागच्या पानावर, गाण्यांच्या यादीखाली, व्हिक्टोरिया पार्कला जाणाऱ्या बसची वेळ आणि भाडे दिले आहे. म्हणजे १९७८ पर्यंत ते पत्रक चालू होते आणि त्याने बस भरून माणसे नेली होती. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. पिस्टल्सच्या तिकिटाविषयी माणसे बोलतात, बसच्या भाड्याविषयी कोण बोलणार?

म्हणून आता स्मरणिकेकडे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपणही एक बखर लिहीत असू. कुणाच्या आठवणीत स्नेहसंमेलनाला सारे गाव लोटले असेल, कुणाच्या आठवणीत आंतरशालेय सामन्याला मैदान फुलून गेले असेल. लिहा, जरूर लिहा. पण ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी ते बाहेर काढा. आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या पहिल्या सभेची हजेरीवही माझ्याकडे आहे. त्या दिवशी नऊ जण आलो होतो, त्यातले दोघे चहानंतर निघून गेले. आजचा मेळावा त्या सातांतून उभा राहिला आहे, आणि हा आकडा मला मिरवावासा वाटतो. नववीत शाळा सोडून मागावर लागलेली मुलेही आपल्याच वर्गातली होती. त्यांची नावे एस. एस. सी. च्या यादीत नाहीत, पण हजेरीपटात आहेत.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडले आहे. जुनी छायाचित्रे, तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, हस्तलिखिताची सुटी पाने, जे असेल ते घेऊन या. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहायला मी दिवसभर तिथे बसणार आहे. नाव आठवत नसेल तर जागा कोरी ठेवू; शेजारच्याला आठवेल.

— एक माजी विद्यार्थी, एस. एस. सी. १९७७